ब्रेकमध्ये कोणतं ऑइल होतं, हरी?

हरी,

प्रत्येक माणूस जाताना एक गूढ मागे ठेवून जातो आणि मागे उरलेल्यांना ते जन्मभर उकलावं लागतं. अशा अर्थाची वाक्यं असलेली पुस्तकं मी मुरबाडच्या वाचनालयात नोकरीभर लोकांना काढून दिली, आणि वेळ मिळाला की स्वतःही वाचली. त्यात खोटं काही नाही. फक्त त्या पुस्तकांतल्या माणसांची गूढं आत्मा, प्रेम, जगण्याचा अर्थ अशी असायची. तू ठेवलंस ते ब्रेक ऑइलचं. ते जन्मभर उकलत बसायची सोयही नव्हती, कारण तुझी गाडी माळशेजच्या माथ्यावर उभी होती आणि ती खाली मला आणायची होती.

तुझा शेवटचा फोन माथ्यावरूनच आला. मागे वारा, एसटीचा हॉर्न, गोप्याच्या टपरीवरची भांड्यांची आदळआपट.

‘चढली रे बुकवाल्या! एका दमात चढली.’

‘एकटा कशाला गेलास? उद्या मी येणार होतो ना?’

‘उद्याचं उद्या. आज उघाड हाय.’

‘ब्रेकमध्ये कोणतं ऑइल टाकलंयस?’

तू हसलास. ‘खाली आल्यावर सांगतो. आता सांगितलं तर तू भाषण सुरू करशील, नि माझा चहा गार व्हईल.’

चहा गार झालाच. गोप्याने नंतर सांगितलं, की तू कप हातात घेतलास, म्हणालास, ‘जरा पडतो रे,’ आणि बाकावर आडवा झालास. त्याने तुला येणाऱ्या जीपमध्ये घातलं. जीप पायथ्याच्या टोकावड्याला पोचली तेव्हा तू तिच्यात नव्हतास. गाडी मात्र वरच राहिली, छप्पर नसलेली, तोंड उताराकडे करून.

डोळखांबच्या बाजूला कुणा मुंबईकराच्या फार्महाउसमागच्या गोठ्यात आपल्याला ती सापडली तेव्हाही तिचं तोंड असंच उताराकडे होतं. दोन सीटची, विलायती, एके काळी शर्यतीत पळणारी. आपण पाहिली तेव्हा तिच्या एका सीटवर कोंबडी उबवायला बसली होती आणि उठायला तयार नव्हती. मालकाला गोठा रिकामा हवा होता. तू तेव्हा भातसानगरहून निवृत्त झाला होतास. धरणाचे दरवाजे उघडण्यात आणि मिटण्यात नोकरी गेली, आता काहीतरी हलणारं हवं, असं तू वैनींना सांगितलंस. वैनी म्हणाल्या, ‘मग एक शेळी घ्या.’ तू गाडी घेतलीस.

ती रस्त्यावर आली ती त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळे, हे मान्य करायला हवं. ‘राजरथ: अभिजात स्पोर्ट्स कार स्वामी परिवार’. नाव वाचून मी पहिल्यांदा फोन खाली ठेवला होता. त्यात पुण्या-मुंबई-नाशिकचे लोक. त्यांच्या गाड्या मऊ कापडाखाली झोपलेल्या, आणि ते स्वतः दिवसभर ग्रुपवर जागे. अ‍ॅडमिनला सगळे कॅप्टन म्हणायचे. तो कशाचा कॅप्टन होता हे विचारायची पद्धत नव्हती. तरी तू ‘कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळतंय’ एवढं लिहिलंस, की पाच जण पाच दिशांनी धावून यायचे, आणि त्यांतला एक तरी बरोबर निघायचा. तुझं इंग्रजी धरणाच्या दरवाजासारखं, गरजेपुरतं उघडणारं. म्हणून लिहायला मी. पण ग्रुपमध्ये फक्त मालकांना प्रवेश. कॅप्टनने माझ्याबद्दल हरकत घेतली तेव्हा तू उत्तर पाठवलंस: ‘गाडीला दोन सीटा. उजवी माझी, डावी ह्याची.’ डाव्या सीटचा मालक म्हणून मी राजरथात दाखल झालो. निवृत्तीनंतर मला कुठल्याही बाजूला बसवायची कुणालाच गरज वाटत नव्हती, त्या काळात तू हे केलंस. याचे आभार मानायचे राहिले. तू ऐकून घेतले नसतेस, म्हणून राहिले.

आता ऑइल. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल, पण राजरथात दोन पंथ होते. एक सिलिकॉनवाले, एक साधेवाले. ब्रेकचं सिलिकॉन ऑइल रंग खात नाही, हवेतलं पाणी ओढत नाही; म्हणून तू सिलिकॉनवाला. आपल्याकडचा पाऊस पाहता तुझं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं, शिवाय गाडीचा तो लाल रंग तू स्वतःच्या हाताने मारला होतास. मी साधेवाला. साध्या ऑइलवर पेडल कडक लागतं, आणि ते मुरबाडच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. एकाच गोष्टीवर दोन्ही पंथांचं एकमत होतं: दोन्ही एकत्र करू नका. ती एकमेकांत मिसळत नाहीत. पेडल स्पंजासारखं होतं, कधी लागतं, कधी पायाखालून निघून जातं. मी एक बाटली आणून तुझ्या फडताळात, तुझ्या बाटलीशेजारी ठेवलीही होती. तू म्हणालास, ‘राहू दे. तुझ्या श्राद्धाला वापरू.’

तुझी बातमी मी कॅप्टनला कळवली. ग्रुपवर त्याने टाकली, आणि तिथेच घोळ झाला. राजरथाचा रिवाज तुला आठवत असेल. कुणाची गाडी बंद पडून ट्रकवर चढवावी लागली, की तिच्या फोटोला झेंडूच्या हाराची चौकट लावून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ म्हणून टाकायची आणि सगळ्यांनी खिदळायचं. तू तर छातीठोकपणे जाहीर केलं होतंस, की माझी गाडी मेली तरी ट्रकवर चढणार नाही. कॅप्टनकडे हाराची तेवढी एकच चौकट होती. त्याने त्यात तुझा फोटो बसवला. गाडीला टेकून उभा असलेला, हसणारा. लोकांनी खालचं नाव वाचलंच नाही.

‘चढली एकदाची ट्रकवर!’

‘हरीभाऊ, आता कुठे तोंड लपवाल?’

‘पार्टी!’

हसून रडणारे पिवळे चेहरे ओळीने आले. मग कुणीतरी खालचं नाव वाचलं. मग एकेक संदेश पुसला जाऊ लागला. आता तिथे तुझा फोटो आहे आणि त्याखाली ‘हा संदेश काढून टाकला आहे’ अशा राखाडी ओळींची रांग. त्यानंतर ‘महामार्गांचा सम्राट हरपला’ वगैरे आलं. पण मी मनात धरून बसलो ती राखाडी रांग. तुझ्यावर लिहिलेल्या मजकुरात तेवढीच मला खरी वाटते. माणसं दचकली होती, त्यात.

दचकलो मीही, पण जरा नंतर. तुझ्या शहापूरच्या घरात, ओट्याशी. वैनी पाठमोऱ्या उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘भावजी, दहाव्याच्या आधी गाडी घरी आणा.’

‘आणतो ना. सरळगावला एक ट्रकवाला—’

‘ट्रकवर नाय.’

‘वैनी, ब्रेकचं काही सांगता येत नाही.’

‘ह्यांनी सगळ्या पाड्याला सांगून ठेवलंय, ट्रकवर चढणार नाय म्हणून. माणूस गेला जीपमधनं दुसऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून. गाडी तरी आपल्या पायानी येऊ दे.’

यावर चार पुस्तकं वाचलेल्या माणसाने काहीतरी समंजस बोलायला हवं होतं. मी बरं म्हणालो.

मला घाटाची भीती नव्हती, भीती होती ती मित्र गेल्यानंतरच्या पोकळीची, असं लिहिलं तर शोभेल. घाटाचीच होती. मी ती गाडी चालवली होती ती फक्त भातसानगरच्या सपाट रस्त्यावर, तू डावीकडे बसून ‘गिअर! गिअर!’ म्हणून ओरडत असताना. माझं वय तुझ्याइतकंच. तुझी छाती जिथे थांबली तिथूनच मला निघायचं होतं. रोज सकाळी उठल्यावर मी आधी डावा खांदा दुखतोय का ते पाहायचो, मग चहा ठेवायचो. फोन वाजला की अंग शहारायचं, कारण ग्रुपवर कुणीतरी तुझे जुने संदेश पुढे ढकलत होतं आणि पडद्यावर तुझं नाव यायचं. ‘हरी: पेडल परत बसतंय रे.’ कधीचा संदेश, कशाबद्दलचा, माहीत नाही. मी दोनदा उत्तर टाइप करून थांबलो.

शेवटी ग्रुपला विचारलं, ‘ब्रेकची खात्री नसलेली गाडी घाटातून कशी उतरवावी?’ एकाने लिहिलं, ‘श्रद्धेने.’ एकाने त्याच्या गाडीच्या मडगार्डला नवा मुलामा दिल्याचे फोटो टाकले. कॅप्टनने आदेश काढला, की स्वामींची गाडी स्वचक्रांवर परतेल, परिवाराला अभिमान आहे. परिवारातलं कुणी येणार आहे का, या प्रश्नावर बराच वेळ कुणीतरी टाइप करत होतं. मग थांबलं. उपयोगी उत्तर एकच आलं, नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंचं: पाण्याच्या ग्लासात थोडं ऑइल टाकून पाहा. साधं असेल तर विरघळेल, सिलिकॉन असेल तर तरंगेल. काय आहे ते कळल्याशिवाय निघू नका.

मी एसटीने वर गेलो. पिशवीत सिरिंज, पाना, साध्या ऑइलची नवी बाटली आणि जीव मुठीत. गाडी टपरीशेजारी होती. गोप्याने तिच्यावर निळी ताडपत्री घातली होती आणि उजव्या सीटवर एक नारळ ठेवला होता. हा गोप्या मूळ टोकावड्याचा, तुझ्या भाषेत ‘माथ्यावरचा कलेक्टर’.

‘नारळ कशाला रे?’

‘मोकळी सीट बरी नाय दिसत, काका. माकडं बसतात.’

मी बॉनेट उघडलं, ऑइलच्या डबीत सिरिंज तळापर्यंत घातली आणि गोप्याकडे ग्लासभर पाणी मागितलं. तो चहाचा ग्लास घेऊन आला. मी ऑइल सोडलं आणि आम्ही दोघे बघत राहिलो. थोडं पाण्यात मिसळून गेलं. थोडं वर आलं आणि आमटीवरच्या तर्रीसारखं तरंगत राहिलं.

‘मंग काय ठरलं?’ गोप्या म्हणाला.

काय ठरणार. दोन्ही होतं. तुझं आणि माझं.

हरी, मी त्या बाकावर बसलो, तू आडवा झालास त्याच. मनात जे आलं ते भीतीपेक्षा वेगळं होतं, आणि म्हणूनच ते मी इथे लिहून ठेवतोय. मला वाटलं, तू माझं ऐकलंस. इतक्या वर्षांच्या वादानंतर, कुणाला न सांगता, माझी बाटली फडताळातून काढलीस आणि तुझ्या ऑइलवर माझं ओतलंस. म्हणून तर फोनवर हसलास. म्हणून तर ‘खाली आल्यावर सांगतो’. तू हार मानलीस. पण पूर्ण मानली असतीस तर आधीचं सगळं काढून टाकलं असतंस. अर्धी मानलीस, आणि ज्या एकाच पद्धतीने मानू नये असं दोन्ही पंथ सांगत होते, नेमकी त्याच पद्धतीने. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गोप्याने ग्लास उचलून दरीत रिकामा केला.

जुनं ऑइल काढून नवं भरावं म्हणून मी चाकाखाली शिरलो. आपण हे काम किती वेळा केलं असेल. तू खाली, मी पेडलवर. ‘दाब!’ ‘दाबलाय.’ ‘धर… सोड.’ आता मी खाली आणि गोप्या नारळ मांडीवर घेऊन पेडलवर. पण या पावसाळ्यात चाकाजवळचा ऑइल सोडायचा स्क्रू इतका गंजला होता, की पाना त्यावरून नुसताच फिरत राहिला. मी आणखी जोर लावला असता तर तो तुटला असता आणि उरलेला ब्रेकही गेला असता.

‘काका,’ गोप्या वरून म्हणाला, ‘पेडल पयल्यांदा खाली जातंय, दुसऱ्यांदा लागतंय.’

‘आणि तिसऱ्यांदा?’

‘तिसऱ्यांदा परत जातंय.’

त्याने मग डोकं खाजवलं. त्याचा आजा बैलगाडी घाटातून उतरवायचा तेव्हा मागे लाकडाचा ओंडका बांधायचा, गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून. ‘आपल्याला वंडका नको. माझा पिकअप बांधू मागं. मी पयल्या गिअरमधी. तुमी पुढं, आमी मागं, दावं मधी.’

‘दोर तुटला तर?’

‘तुटला तर तुमी पुढं, आमी मागं.’

विहिरीचा दोर होता. त्याने तो दुहेरी केला. मी नारळ डाव्या सीटवर हलवला आणि उजव्या सीटवर पहिल्यांदाच मालकासारखा बसलो. स्टिअरिंगवर तुझ्या हातांनी काळी झालेली जागा होती. मी हात तिथे न ठेवता जरा वर ठेवले.

पुढचं सगळं मला सलग आठवत नाही. इंजिन पहिल्या गिअरमध्ये कण्हत होतं. उजवीकडे कातळ, डावीकडे कठडा आणि कठड्यापलीकडे काहीच नाही. वळण आलं की मी पेडल दाबायचो, ते खाली जायचं. मग दुसऱ्यांदा दाबलं की लागायचं. मी मोठ्याने बोलत होतो. ‘दाब. धर. सोड.’ तुझ्या आवाजात. एका वळणावर पेडल तिन्ही वेळा गेलं. गाडी पुढे सुटली, कठड्याचा पांढरा रंग मोठा होत आला, आणि माझ्या तोंडातून ‘हरी’ निघालं. देवाला हाक मारली की तुला, हे मला आजही सांगता येणार नाही. नाव एकच असल्याची सोय झाली. मग मागून हिसका बसला. दोर ताठ झाला. गाडी थांबली. नारळ गडगडत माझ्या पायाशी आला, पेडलखाली अडकला, आणि तो काढायला मला दोनदा वाकावं लागलं.

गोप्या उतरून आला. तोही पांढरा पडला होता. ‘काका, हरीकाका असा येडा नव्हता हा चालवायला.’

‘तो याहून वेडा होता. त्याला दोर लागायचा नाही.’

‘थांबायचं का जरा?’

‘थांबलो तर मी परत बसणार नाही.’

आम्ही तसेच उतरलो. समोरून येणारी एसटी बाजूला घेऊन तिच्या ड्रायव्हरने आम्हाला वाट दिली आणि खिडकीतून विचारलं, ‘कोण कोणाला वढतंय?’ टोकावड्याला सपाटी आल्यावर गोप्याने दोर सोडला. भाताला लोंब्या आल्या होत्या. मी गाडी बंद केली, बांधावर बसलो, आणि बराच वेळ माझा उजवा पाय आपोआप दाबत होता, सोडत होता.

सरळगाव, किन्हवली, शहापूर. बैलगाडीच्या वेगाने, हँडब्रेक हातात धरून. तुझ्या दारात गाडी उभी केली तेव्हा वैनींनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि बॉनेटवर हात ठेवला. गरम लागलं तसा पटकन काढला, पुन्हा ठेवला. ‘आली,’ एवढंच म्हणाल्या. मी ग्रुपवर फोटो टाकला नाही. कॅप्टनने दोनदा विचारलं.

तेराव्यानंतर परवा मी वैनींकडे गेलो होतो. तू माझं ऐकलंस, ही गोष्ट त्यांना सांगावी असं वाटलं. मित्राच्या बायकोला द्यावी अशी माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती. तयारी करून गेलो होतो. दोन ऑइलं, दोन माणसं, एक डबी, असं काहीतरी. तू असतास तर पहिल्याच वाक्याला उठून गेला असतास.

मी सुरुवात केली, ‘वैनी, त्या दिवशी निघण्याआधी हरीने ब्रेकचं ऑइल—’

‘ते मी ओतलं,’ वैनी म्हणाल्या. ‘सकाळपासून ह्यांना वाकता येत नव्हतं. छातीत भरल्यासारखं होतंय म्हणाले, वायू असंल. कोणाला बोलू नको म्हणाले. फडताळातली बाटली आण नि डबीत रेघेपर्यंत भर, म्हणाले.’

ओट्यावर दूध तापत होतं. वैनींनी ते खाली उतरवलं, झाकण ठेवलं.

‘दोन बाटल्या होत्या,’ त्या म्हणाल्या. ‘पुढं होती ती घेतली.’